आठ हजारवाला द्या

गाडी बघायला माणूस नेहमी दिवसा जातो. शोरूम दिवसा उघडी असते, टेस्ट ड्राइव्ह दिवसा असते, चाकाखाली लिंबू ठेवायचा मुहूर्तही सकाळचाच निघतो. त्यामुळे मायलेज, डिकी, एअरबॅगा यांची चौकशी यथासांग होते. सनरूफमधून आकाश किती दिसतं, हे तर मान वर करकरून पाहिलं जातं. रात्री समोरचा रस्ता किती दिसेल, हे सेल्समनला कोणी विचारत नाही, आणि न विचारलेलं सांगायची त्याच्या धंद्यात पद्धत नाही. मग गणपतीला गावी जाताना, रात्री साडेअकराच्या सुमाराला, कुंभार्ली घाटात, पावसाच्या भुरभुरीत, शेजारच्या सीटवरून आवाज येतो, “अहो, लाईट लावलेत ना?”

लाईट लावलेले असतात.

बल्ब बदलायचा, हे ठरवायला एवढा एक प्रश्न पुरतो. कोणता बसवायचा, हे ठरवायला मात्र अख्खं गणगोत लागतं.

पहिलं मत मेव्हण्यांचं, आणि ते वॅटचं असतं. “दाजी, हंड्रेड-नाइन्टी टाका. रात्रीचा दिवस होतोय!” साध्या हॅलोजनच्या एच-फोर बल्बावर कंपनी 60/55 लिहिते, म्हणजे लांबच्या फोकसला 60 वॅट आणि जवळच्याला 55. मेव्हण्यांचा 100/90. गाडीतल्या वायरी बिचाऱ्या 60च्या हिशेबाने ओढलेल्या असतात, तेव्हा असा बल्ब टाकायचा तर रिले आणि जाड वायरिंगचं वेगळं किट लागतं. मेव्हण्यांनी बल्ब घेतला, किट घेतलं नाही. बल्ब चारचौघांना दिसतो, रिले कोणाला दिसणार? आता त्यांनी लांबचा फोकस लावला की होल्डर तापतो आणि बॉनेटखालून प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो. तो वास रस्त्याकडेच्या कारखान्याचा आहे, असं ते सांगतात. हा कारखाना पुण्यापासून अक्कलकोटपर्यंत सगळीकडे रस्त्याकडेलाच आहे.

दुसरं मत सोसायटीतल्या निवृत्त काकांचं, आणि ते रंगाचं. “पिवळा! दुसरा विषयच नाही. फ्रान्समध्ये कायदाच होता पिवळ्याचा!” काकांचं म्हणणं खरं आहे. 1930च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे गाड्यांना पिवळे दिवे सक्तीचे होते. मात्र ती सक्ती 1993मध्ये उठली, आणि तिथपर्यंत काका आलेले नाहीत. पांढऱ्या उजेडातून पिवळा काढायचा तर त्यातला निळा गाळून टाकावा लागतो, आणि गाळलं की माप थोडं कमी भरणारच. काकांचा दुसरा मुद्दा धुक्याचा. पिवळा उजेड धुक्याच्या आरपार जातो, असं ते शपथेवर सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळ्या रंगांना जवळपास सारखंच उधळून लावतात. आंबोलीच्या धुक्याला रंगभेद ठाऊक नाही. फॉग लॅम्पचा उपयोग होतो, कारण तो बंपरपाशी खाली बसवलेला असतो आणि उजेड रुंद, चपटा, जमिनीलगत टाकतो. तो धुक्याच्या भिंतीवर आपटून आपल्याच तोंडावर परत येत नाही, इतकंच.

तरीही काकांची तक्रार ऐकण्यासारखी आहे. समोरून येणारा निळसर उजेड त्यांना फार खुपतो, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून जास्तच खुपतो. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा रंग अडवतं. म्हणजे काका इतकी वर्षं डोळ्यातच पिवळा फिल्टर घेऊन हिंडत होते. डॉक्टरांनी तो काढून स्वच्छ भिंग बसवलं आणि काकांना पहिल्यांदा कळलं की जग एवढं निळं झालंय. उत्तर चूक, तक्रार बरोबर, असं हे प्रकरण आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्येही त्यांचं साधारण असंच असतं.

तिसरं मत पुतण्याचं. त्याला वॅटशी देणंघेणं नाही आणि रस्त्याशीही फारसं नाही. त्याला ‘लुक’ हवा. “काका, पिवळा म्हणजे टमटम वाटते. एकदम आईस व्हाईट टाका, आख्खी गाडी उठून दिसते!” बल्ब लावला की तो स्टिअरिंगवर बसत नाही. गाडीपुढे जाऊन उभा राहतो आणि मोबाइलवर फोटो काढतो. पण त्या पोराला कशाला नावं ठेवायची? हेडलाईट घेताना सगळेच समोर उभे राहतात. चष्मा घेताना माणूस निदान त्यातून भिंतीवरची अक्षरं वाचून बघतो. बल्ब मात्र दुकानदार काउंटरवरच्या बॅटरीला लावून दाखवतो आणि गिऱ्हाईक थेट त्याच्यात डोळे घालून बघतं. डोळ्यांपुढे काजवे चमकले की माल पसंत.

पुण्यात हा सोहळा बघायचा तर नाना पेठेत जावं. गाडीचा एखादा भाग जगात कुठेही तयार होत असला तरी मिळतो नाना पेठेत, ही पुणेकरांची श्रद्धा आहे. दुकान चार फूट रुंद, आत अंधार आणि छतापर्यंत बल्बांचे खोके. गिऱ्हाईक पायरीवर उभं राहतं आणि संवाद सुरू होतो.

“कितीवाला देऊ?”

“किती किती आहेत?”

“फोर-थ्री आहे, सिक्स आहे, एट आहे.”

“सगळ्यात मोठा?”

“एट.”

“मग आठ हजारवाला द्या. पण पैसे सहाचे लावा.”

हे आकडे केल्विनचे. गिऱ्हाइकाच्या मनात केल्विन म्हणजे ताकद, अश्वशक्तीचा कोणी धाकटा भाऊ. जास्त आकडा म्हणजे जास्त उजेड, आणि मराठी माणसाला जास्त आकडा कमी पैशांत हवा असतो. प्रत्यक्षात केल्विन उजेड किती हे सांगतच नाही. उजेडाचा रंग कुठला, एवढंच सांगतं. विल्यम थॉम्सन नावाचे शास्त्रज्ञ ग्लासगोच्या विद्यापीठात शिकवत. 1892मध्ये त्यांना उमरावकी मिळाली आणि विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीवरून ते लॉर्ड केल्विन झाले. त्यांनी तापमान मोजायची पट्टी घालून दिली. आता नाना पेठेत तिच्यावर दहा टक्के सूट मिळते.

लोखंड भट्टीत तापवलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. याहून तापवता आलं तर उजेड निळ्याकडे झुकेल. त्या तापमानाचा आकडा म्हणजे रंगाचा केल्विन. मेणबत्ती 1900च्या आसपास, हॅलोजन 3200, झेनॉन 4300, दुपारचं ऊन साधारण साडेपाच हजार. आठ हजार म्हणजे निळसर, सावलीतल्या आकाशाचा उजेड. आता हॅलोजनच्या बल्बात तार असते टंगस्टनची, आणि टंगस्टन 3422 अंश सेल्सिअसला, म्हणजे साधारण 3700 केल्विनला वितळतं. तेव्हा हॅलोजनच्या खोक्यावर ‘8000 केल्विन’ लिहिलं असेल आणि ती तार खरोखर तिथवर पोचली असती, तर त्या दुकानात बल्बही उरला नसता आणि दुकानदारही. दोघंही शाबूत आहेत. कारण तार आपल्या जुन्याच तापमानाला जळत असते, फक्त तिच्याभोवतीच्या काचेला निळा लेप दिलेला असतो. तो लेप लाल-पिवळा उजेड आत अडवतो आणि उरलेला बाहेर सोडतो. म्हणजे गिऱ्हाईक जास्त पैसे मोजून कमी उजेड घरी नेतं आणि वर घासाघीस केल्याचं समाधान मिळवतं. असा सर्वपक्षीय आनंद देणारा सौदा दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल.

उजेड मोजायचं माप लुमेन. वॅट म्हणजे बल्ब खातो किती, लुमेन म्हणजे देतो किती. जास्त खाणारा तो जास्त राबणारा असतोच असं नाही, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना समजावून सांगायला नको. एच-फोर 55 वॅट खाऊन जवळच्या फोकसला हजारएक लुमेन देतो, 60 वॅट खाऊन लांबच्याला साडेसोळाशेच्या आसपास. झेनॉन 35 वॅटमध्ये तीन हजारांवर जातो. बाकीचं खाल्लेलं हॅलोजन उष्णतेत घालवतो, आणि म्हणूनच त्याच्या काचेला हात लावायचा नसतो. बोटाचं तेल काचेला लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर फुटतो. हे खोक्यावर चित्र काढून सांगितलेलं असतं. पण बल्ब बसवणारा पोऱ्या वडापाव अर्धा ठेवून आलेला असतो. खोका वाचायचं काम त्याचं नाही, गिऱ्हाइकाचंही नाही. “टेन्शन घेऊ नका साहेब,” म्हणून तो काच अंगठ्याने चोळूनच चमकवतो.

एलईडीच्या खोक्यावर मात्र वाचायला भरपूर असतं. वीस हजार लुमेन! बरा एलईडी वॅटमागे शंभर-सव्वाशे लुमेन देतो. बल्ब चाळीस वॅटचा, म्हणजे चार ते पाच हजार. उरलेले पंधरा हजार लुमेन बहुधा खोक्यातच राहत असावेत. तापू नये म्हणून या बल्बाच्या पाठीला चिमुकला पंखा असतो. पेट्रोल वाचवायला मालक एसी बंद करून घामाघूम बसतो आणि पुढे बल्ब वारा खात असतो. गंमत म्हणजे पांढऱ्या एलईडीच्या पोटात चिप असते निळी आणि तिच्यावर लेप असतो पिवळा. दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरं दिसतं. ही निळी चिप बनवणाऱ्या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना 2014चं नोबेल मिळालं. काका आणि पुतण्या एकाच बल्बात नांदवून दाखवले म्हणून शांततेचं द्यायला हरकत नव्हती, पण दिलं भौतिकशास्त्राचं.

एलईडी वाईट, असं नाही. कंपनीने गाडी घडवतानाच एलईडी धरून दिवा बनवला असेल तर तो उत्तमच असतो. घोटाळा होतो तो हॅलोजनच्या घरात एलईडी भाडेकरू ठेवला की. एच-फोरच्या आत दोन तारा असतात. जवळच्या फोकसच्या तारेखाली इवलीशी धातूची वाटी असते. खालच्या बाजूला निघालेला उजेड ती अडवते, म्हणजे रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्यावरून तो वर उसळत नाही. त्यामुळे फोकसला वरून कापल्यासारखी रेघ येते. रेघेखाली रस्ता, रेघेवर अंधार. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून ती रेघ डावीकडे जराशी वर चढते, रस्त्याची कड आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. तार मिलिमीटरच्या अंशाने हलली तरी हा सगळा हिशेब बिघडतो. तारेच्या जागी चिपा बसवल्या की रिफ्लेक्टरला काही कळेनासं होतं आणि तो उजेड मिळेल त्या दिशेला फेकतो. ताम्हिणीत अशा गाडीतून जाताना प्रत्येक झाडावरचं घुबड स्वच्छ दिसतं. फक्त खड्डा दिसत नाही. पाऊस असेल तर आणखीच. ओला डांबरी रस्ता उजेड मागे पाठवतच नाही, पुढे सरकवतो. आपण विकत घेतलेला उजेड सगळाच्या सगळा समोरून येणाऱ्याला पोचता होतो.

या समोरच्याचा विचार सरकारने केलेला आहे. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक माणूस उभा आहे. तो गाडीच्या पातळीवरच, दिव्यापासून आठ मीटरवर उभा असतो आणि त्याचे डोळे जमिनीपासून निदान दीड मीटर उंचीवर असतात. त्याचे डोळे दिपता कामा नयेत, असा उजेड खाली वळवलेला हवा, असं तो नियम सांगतो. इतका अचूक वर्णन केलेला सामान्य माणूस भारतीय कायद्यात क्वचितच सापडेल. गेली पस्तीसहून जास्त वर्षं तो बापडा देशातल्या प्रत्येक गाडीपुढे आठ मीटरवर डोळे चोळत उभा आहे, आणि मेव्हणे त्याच्या अंगावर हंड्रेड-नाइन्टी सोडून निघून जातात. त्याच्याही आधी अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या दिव्यांवर काळा ठिपका किंवा वरच्या अर्ध्यावर काळा पट्टा रंगवायची रीत होती. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून ही तीट असावी, असं आम्हा पोरांना वाटायचं. खरं म्हणजे ती समोरच्याच्या दृष्टीला जपायला होती.

आता दृष्टीची जबाबदारी डिपरवर आली आहे. ट्रकच्या मागे ‘यूज डिपर ॲट नाइट’ इतक्या निष्ठेने रंगवलेलं असतं की 2016मध्ये टाटा मोटर्सने ट्रकचालकांसाठी निरोध काढले तेव्हा त्यांनाही ‘डिपर’ हेच नाव दिलं. सुरक्षिततेचा कुठलाही संदेश ट्रकवाल्यापर्यंत याच एका शब्दातून पोचतो, हे कंपनीने अचूक हेरलं. पण डिपरचं शास्त्र एलईडीने पार मोडीत काढलं. समोरून पांढराफेक उजेड येतो. आपण दिपून अप्पर-डिपर मारतो, म्हणजे ‘बाबा रे, खाली कर’. तो बिचारा आधीच डिपरवर असतो. आपल्यावर खोटा आळ आला, हे त्याच्या जिव्हारी लागतं, आणि मी डिपरवरच होतो हे सिद्ध करण्यासाठी तो अप्पर लावून दाखवतो. आता दोघांनाही काही दिसत नाही. दोघंही एकमेकांना एकच शिवी देतात. पुढच्या रविवारी दोघंही नाना पेठेत असतात, आणि दोघांचाही प्रश्न एकच: “समोरच्याला जरा कळेल असा काही आहे का?” धंदा चालतो तो या प्रश्नावर. स्वतःला दिसावं म्हणून फार थोडा माल खपतो.

दिवसा मात्र हाच माणूस विलक्षण परोपकारी असतो. दुचाकीचा दिवा भर उन्हात चालू दिसला की पाच बोटं उघडमीट करून तो परक्या माणसालाही सावध करतो. 1 एप्रिल 2017पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि तो बंद करायचं बटणच नसतं. तरी बोटांची उघडमीट थांबलेली नाही. दुपारी बारा वाजता दुसऱ्याच्या दिव्याची एवढी काळजी करणारा समाज रात्री बारा वाजता कुठे जातो, कोण जाणे.

मग बल्ब घ्यायचा तरी कोणता? उत्तर इतकं नीरस आहे की ते सांगून कुठल्याच दुकानदाराचं पोट भरणार नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलाय तोच, चांगल्या कंपनीचा, 60/55चा, न रंगवलेला. त्याआधी दिव्याची पुढची काच बघावी. ती पॉलिकार्बोनेटची असते आणि उन्हाने पिवळी, धुरकट होते. ती पॉलिश करून घेतली की पुष्कळांना बल्ब बदलायची गरजच उरत नाही. मग गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करून जवळचा फोकस टाकावा. फोकसची ती वरची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली तर दिव्याची मान बरोबर आहे.

आणि एक गोष्ट बहुतेकांच्या गाडीत फुकट मिळालेली असते. स्टिअरिंगच्या आसपास एक छोटं चाक असतं, त्यावर 0, 1, 2, 3 लिहिलेलं असतं. ते एसीचं नाही. रेडिओचंही नाही. डिकी भरली की गाडीचं बूड खाली जातं, नाक वर उठतं आणि फोकस आकाशाला लागतो. तेव्हा हे चाक फिरवून दिवा खाली करायचा असतो. मे महिन्यात कोकणातून परतणाऱ्या गाड्या आठवाव्यात. डिकीत आंब्याच्या पेट्या, त्यावर फणस, फणसावर तांदळाचं पोतं, मागच्या सीटवर तीन आत्या, आणि चाक शून्यावर. समोरून येणाऱ्या तमाम जनतेला तो उजेड एलईडीचा वाटतो. असतो तो हापूसचा.

हे सगळं ज्ञान घेऊन एका संध्याकाळी नाना पेठेतल्या दुकानदाराला गाठलं आणि विचारलं, “शेठ, खरं सांगा. तुम्ही स्वतःच्या गाडीला कितीवाला लावलाय? फोर-थ्री, सिक्स का एट?”

त्याने आठ हजारवाल्यांचा खोका एका गिऱ्हाइकापुढे सरकवला, पैसे गल्ल्यात टाकले आणि म्हणाला, “कंपनीचाच आहे, साहेब. पण रात्रीची गाडी मी काढतच नाही. समोरून सगळी माझीच गिऱ्हाइकं येतात.”